आबांचा कान आणि तीन कॅसेटी

आबा, आज भाचीनं विचारलं, हेवी मेटलच्या त्या दणदणाटी गाण्यांत प्रोग्रेसिव्ह, टेक्निकल आणि अवाँ-गार्द हे तीन प्रकार कसे ओळखायचे? मी तुमचीच वाक्यं सांगितली. ती तुमची आहेत, हे मात्र सांगितलं नाही.

शिरोलीच्या फौंड्रीत तुम्ही कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तपासायचात. टांगलेल्या कास्टिंगवर हातोडीचा हलका ठोका, मग मान तिरकी. खणखणीत वाजलं की पास. बद्द वाजलं की आत कुठंतरी तडा. रविवारी मी मामेभावाकडून भरून आणलेल्या याच गाण्यांच्या तीन कॅसेटी लावायचे, तेव्हाही तुमची मान तशीच तिरकी. आई स्वयंपाकघरातून विचारायची, कोण कुणाला मारतंय? पहिली कॅसेट ऐकून तुम्ही म्हणालात, "ह्यो लांबच्या वाटंनं निघालाय. ताल बदलतोय, सूर बदलतोय, पण कुठं जायचंय ते ठावं हाय त्याला." दुसरीत नुसता बोटांचा वेग, ठोका केसभर हलत नाही. कसबी हात पहिल्याकडंही आहे, पण तो वाटेसाठी खर्चतो, हा हातच दाखवतोय, असं तुमचं म्हणणं. तिसरीत किंचाळी, मध्येच सनईसारखं काही, मग नुसती शांतता. "ह्येनं तडा मुद्दाम ठेवलाय की," म्हणालात आणि हसलात. पुढं मी याविषयी पुष्कळ वाचलं. याहून नेमकं काही सापडलं नाही.

फौंड्रीच्या धडधडीत तुमचा कान हळूहळू जात होता. घरात दोनदा हाक मारावी लागायची. एका सकाळी कामावर निघताना तुम्ही माझ्याकडं पाठ करून बसता. कुठलीबी लाव, म्हणता, वळखली तर कान शाबूत, न्हायतर सायबाकडं दुसरं काम मागतो. मी दुसरी लावते. तुम्ही बराच वेळ ऐकता.

"तिसरी न्हवं?"

"बरोबर, आबा."

त्याच आठवड्यात तुम्ही पास केलेलं एक कास्टिंग लेथवर फुटलं. तुकडा उडून आपल्याच गल्लीतल्या माणसाचा डोळा गेला. तुम्हांला कुणी काढलं नाही, तुम्हीच परत कामावर गेला नाहीत. रोज संध्याकाळी त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचात. आईला शेवटपर्यंत सांगत राहिलात, कान चांगला हुता, पोरीनं तपासलाय. म्हणजे मीच आळस केला, ठोका नीट मारला न्हाय. हे ऐकत मी ताटं वाढायचे.

हा कागद कुठं जायचा नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं, की तुमचं मन मोडवेना म्हणून खोटं बोलले. तसं नव्हतं. खाली मैत्रीण गाडी घेऊन आली होती, सारखा हॉर्न वाजवत होती, मला कॉलेजला उशीर होत होता. तो हॉर्न तुम्हांला ऐकू येत नव्हता, हेही मी पाहिलं होतं.