आमच्याही गाडीत मधमाशी

३ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. मनातलं बोलायला गेलं की आमची ही म्हणते, पुन्हा तेच का. वही तसं म्हणत नाही.

लेक घर बदलते आहे. टेकडीवर नवी वसाहत झाली तिथे. महिनाअखेरच्या रविवारी सामान हलवायचं. सामानात कपाट आहे. तिच्या लग्नात मी स्वतः केलेलं, सागवानी, दाराला आरसा. माझ्या फर्निचरच्या दुकानातून आजवर इतकी कपाटं गेली, पण तसं पुन्हा जमलं नाही. ते माझ्याच पिकअपमधून जाणार, यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

पण काल जेवताना जावई बोलून गेले. त्यांच्या बाबांनी, म्हणजे आमच्या व्याहीबुवांनी, पिकअपमध्ये लिफ्ट पंप बसवलाय. चढावर गाडी आता लोण्यात सुरी जावी तशी जाते. तेव्हा जड सामान त्यांच्या गाडीत टाकू. लेकीने मान डोलावली का, ते नीट दिसलं नाही. बहुधा घास गिळत असावी.

व्याहीबुवांची रोपवाटिका आहे. कुंड्या आणि माती वाहायला गाडी. कुंड्यांना कसली घाई असते? असो. माणूस चांगला आहे. माझ्या मनात काही नाही.

४ फेब्रुवारी

नात दिवसभर आमच्याकडे. म्हणते, त्या आजोबांच्या गाडीत मधमाशी आहे. किल्ली फिरवली की गुणगुणते. मग विचारलं, तुमच्या गाडीत काय आहे? मी म्हटलं, तुझे आजोबा आहेत. तिला ते पुरेसं वाटलं नाही.

मधमाशी कसली, पंपाची मोटर. एरवी टाकीतलं डिझेल इंजिन स्वतःच ओढून घेतं. हा पंप ते त्याला आयतं आणून देतो. म्हणजे इंजिनाला लाडावून ठेवायचं. माझ्या गाडीला तशी सवय नाही.

निश्चय : व्याहीबुवांचा विषय मनातसुद्धा आणायचा नाही.

५ फेब्रुवारी

व्याहीबुवांकडे सहज गेलो होतो. ते रोपांना पाणी घालत होते. मी म्हटलं, तुमच्या रेडिएटरमधलं पाणी बघतो, आणि बॉनेट उघडलं. आत पंप नाही! सगळं बारकाईने पाहिलं. विचारलं तर म्हणाले, तो खाली टाकीपाशी आहे, वाकलात की दिसेल.

मी वाकलो नाही. प्रश्न गुडघ्यांचा नव्हता. लेकीच्या लग्नात या घरापुढे वाकलो तेवढं पुरे.

शिवाय जी वस्तू दिसत नाही तिचा इतका गाजावाजा?

७ फेब्रुवारी

स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. नुसती चौकशी करायला. दुकानदाराने विचारलं, गाडीला त्रास काय होतो. मी म्हटलं, काही नाही. चढावर दम लागतो का? नाही. सकाळी सुरू व्हायला वेळ लावते? मुळीच नाही. मग पंप कशाला, म्हणे. मी म्हटलं, त्रास गाडीला नाहीये. त्याने पंपाचं खोकं काढलं.

घरी आल्यावर हिने खोकं पाहिलं. पुढचं अक्षरशः लिहून ठेवतो, म्हणजे तिचा स्वभाव कसा आहे याची नोंद राहील.

"पंप त्यांनी गाडीत बसवलाय हो. तुमच्या डोक्यात कोणी बसवला?"

मी खोकं उचलून बाहेर नेलं. उत्तर होतं.

९ फेब्रुवारी

खोक्यात मोटर, फिल्टर, नळ्या, क्लॅम्प, वायरी आणि एक इंग्रजी कागद. कागद बाजूला ठेवला. मला सुतारकाम तरी कोणी कागदावर शिकवलं होतं?

दुकानदार म्हणाला होता, टाकीजवळ खाली बसवा. मी शांतपणे विचार केला. लिफ्ट म्हणजे उचलणे. विहिरीतून बादली उचलणारा माणूस काठावर, वर उभा असतो. तो विहिरीत उतरून बादलीशेजारी बसत नाही. तेव्हा पंप वरच हवा. बॉनेटखाली, इंजिनाशेजारी, होईल तितका उंच. इतकी साधी गोष्ट पंप करणाऱ्यांच्या कशी लक्षात आली नाही, कोण जाणे. व्याहीबुवांच्या आली नाही यात नवल नाही.

तिथे बसवला की बॉनेट उघडताच समोर दिसेल. तो काही मुख्य विचार नव्हता.

११ फेब्रुवारी

पंपाला बैठक म्हणून खोक्यात लोखंडी पट्टी होती. कुरूप. मी सागवानी बैठक केली. कडा गोल, दोन हात पॉलिश. मोटर वर ठेवल्यावर एखादी ट्रॉफी ठेवावी तशी दिसली.

१२ फेब्रुवारी, दुपारी

बसवला.

जुनी नळी कापताना हात जरा थांबला. गाडी घेतल्यापासूनची नळी, कधी कुरकुर नाही. पण प्रगती करायची तर काहीतरी कापावं लागतं. डिझेल बाहीतून आत शिरून काखेपर्यंत गेलं. हिने जेवणाचं ताट बाहेरच्या ओट्यावर आणून दिलं आणि दार लावून घेतलं.

पहिल्यांदा गाडी सुरू झाली नाही. दुसऱ्यांदाही नाही. नळ्यांत हवा भरली होती, ती काढली. मग झाली! सगळे सांधे बोटाने तपासले, एक थेंब गळत नाही. पुन्हा लिहितो, एक थेंबही नाही. व्याहीबुवांच्या गाडीखाली त्या दिवशी ओल दिसली होती मला. रोपांच्या पाण्याची असेल म्हणा, पण दिसली होती.

गुणगुण जरा खणखणीत आहे.

१३ फेब्रुवारी

शेजारीण हिला विचारत होती, सकाळी सकाळी इतकं काय वाटता?

नातीला मुद्दाम बोलावून किल्ली फिरवली. तिने कानावर हात ठेवले. म्हणाली, ही मधमाशी नाही, हा मिक्सर आहे. इतक्या लहान वयात यंत्रातलं कळत नाही. मोठी झाली की कळेल.

निश्चय : मुलांच्या बोलण्यावर जायचं नाही.

१६ फेब्रुवारी

व्याहीबुवा चहाला आले होते. मी बॉनेट उघडंच ठेवलं होतं. इंजिनाला हवा लागावी म्हणून.

ते बराच वेळ आत बघत उभे राहिले. आधी म्हणाले, लाकूडकाम सुरेख आहे. मग चाचरत म्हणाले, टाकीपासून जरा लांब पडला का? चेहरा मी नीट पाहिला. माणूस आतून जळत असला की असंच हळू आवाजात, काळजीच्या सुरात विचारतो. मला कीव आली. मी त्यांना विहीर आणि बादली समजावून सांगितली. म्हणाले, वाटलं तर रविवारी दोघं मिळून खाली घेऊ, मी येतो. मी म्हटलं, एक थेंब गळत नाही बघा. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग त्यात बिस्किट घातलं.

मोठ्या मनाने त्यांना आणखी एक बिस्किट दिलं.

१९ फेब्रुवारी

सपाट रस्त्यावर चाचणी. गाडी पूर्वीसारखीच चालते, म्हणजे पूर्वीपेक्षा चांगली, फक्त ते जाणवायला लक्ष द्यावं लागतं. पुलाच्या चढावर एकदा ठसकली. थंडी आहे.

टेकडीवर नेऊन बघणार होतो, पण ज्याची खात्री आहे त्याची परीक्षा कशाला?

२१ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. ठामपणे सांगितलं, कपाट माझ्या गाडीतून जाईल. म्हणाली, "अहो बाबा, ते तुमच्याच गाडीतून जाणार होतं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी चढवू तरी देईन का?"

पंपाचा परिणाम बघा. अजून टेकडीचा चढ पाहिलासुद्धा नाही आणि माणसांची मतं बदलली.

२५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

आज. गाडी धुतली. बॉनेटखालची बैठक पुसली. टाकीत डिझेल अर्ध्याच्या खाली आहे, पण पंप आहे ना.

निश्चय : वर पोचल्यावर जिंकल्यासारखं वागायचं नाही. व्याहीबुवांना बरोबरीने वागवायचं.

तोच दिवस, संध्याकाळी

जे झालं ते लिहितो.

कपाट माझ्या गाडीत आडवं, खाली गाद्या. आरसा काढून लेकीने मांडीवर घेतला आणि माझ्याशेजारी बसली. व्याहीबुवांच्या गाडीत भांडी, कुंड्या, आमची ही आणि नात. ते पुढे, मी मागे. टेकडीचा पहिला टप्पा छान गेला. मी लेकीला म्हटलं, ऐकतेस ना? ती म्हणाली, न ऐकून कसं चालेल बाबा.

वळणावर चढ उभा झाला. गाडीने नाक वर केलं. मिक्सरचा आवाज, म्हणजे पंपाचा आवाज, एकदम पोकळ झाला. रिकाम्या ग्लासात स्ट्रॉने ओढावं तसा. गाडीने दोन आचके दिले आणि उभी राहिली. मागे रिक्षा, टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न. उतरून चाकाखाली लाकडी पाचर लावली. पाचर उत्तम बसली.

लेकीच्या मांडीवरच्या आरशात मला माझं तोंड दिसत होतं. मी तिला म्हटलं, तो जरा पलीकडे फिरव.

व्याहीबुवा गाडी मागे घेत आले. उतरून दोर काढला. माझी गाडी त्यांच्या गाडीला बांधली. हिने काचेतून डोकं बाहेर काढून विचारलं, तुमच्या विहिरीचं पाणी आटलं का? नात मात्र खूश. दोर पाहून तिने माझ्या गाडीत बसायचा हट्ट धरला, कारण ओढली जाणारी गाडी तिने कधी पाहिली नव्हती. अशा रीतीने माझ्या लेकीचं कपाट माझ्याच गाडीतून नव्या घरी गेलं. हे विधान शब्दशः खरं आहे.

कपाट आत लावून झालं, आरसा बसवला. मग व्याहीबुवा बाहेर येऊन सतरंजी टाकून आपल्या गाडीखाली आडवे झाले. म्हणाले, या. मी वाकलो. गुडघे वाजले, पण वाकलो. मग आडवाही झालो.

टाकीला चिकटून, खाली, एवढासा पंप. त्यांनी नातीला किल्ली फिरवायला सांगितली. मधमाशी.

त्यांनी मला विचारलं, "व्याहीबुवा, रंधा तुम्ही ओढता की ढकलता?"

मी म्हटलं, ढकलतो. रंधा कोण ओढतं?

"हा पण तसाच आहे. याला ढकलता येतं, ओढता येत नाही."

मी छताकडे, म्हणजे त्यांच्या गाडीच्या पोटाकडे, बघत पडून राहिलो. म्हटलं, पण माझ्याकडे एक थेंबही गळत नव्हता. ते म्हणाले, ओढणाऱ्या नळीतून बाहेर काही येत नाही, बाहेरची हवा आत जाते. त्या दिवशी चहाच्या वेळीच सांगणार होते. माझा उत्साह बघून जीभ रेटेना.

कपड्यांना माती लागत होती. शेवटी मीच विचारलं, तुम्ही तरी हा बसवला कशासाठी?

म्हणाले, "तुमच्यामुळे. तुमची गाडी भरल्या फर्निचरनिशी हा चढ न थांबता जायची, आणि माझी चार कुंड्यांना धापा टाकायची. किती दिवस बघायचं हो?"

२६ फेब्रुवारी

काल रात्री त्यांचं ते वाक्य हिला सांगितलं. सकाळी पुन्हा सांगितलं. दुकानदाराला सांगायला जाणार होतो, पण मग विचार केला. म्हणजे बारा तारखेपर्यंत मी पुढे होतो. ते मागून येत होते. मग मी कष्ट करून, दुकान बंद ठेवून, सागवान वापरून, त्यांच्या मागे गेलो.

दुकानदाराला सांगायचा बेत रद्द.

२८ फेब्रुवारी

पंप काढला. व्याहीबुवा आले होते मदतीला. जुनी नळी नीट जोडली. पंप ठेवून द्या म्हणाले, पुढे गाडी म्हातारी झाल्यावर लागेल. कोणाची ते विचारलं नाही. बैठक त्यांना आवडली होती, देऊन टाकली. तिच्यावर ते निवडुंगाची कुंडी ठेवणार आहेत.

दुपारी टेकडीवर गेलो. गाडी त्या वळणावरून न कुरकुरता वर. पूर्वीसारखी. कोणीही बघत नव्हतं.

लेकीच्या दारात नात धावत आली. तिला पुढच्या सीटवर उचलून बसवलं, किल्ली तिच्याच हातात दिली. तिने फिरवली आणि कान देऊन ऐकत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, तुमच्या गाडीत काहीच नाही. उतरली आणि दारात उभ्या असलेल्या त्या आजोबांच्या गाडीत जाऊन बसली.

मनाला लावून घ्यायचं नाही, असं ठरवलं आहे. उद्या स्पेअर पार्टच्या दुकानावरून जाईन. त्याच्याकडे तीन सुरांचे हॉर्न आलेत म्हणे. नुसता बघणार आहे.