बरडची चाल

२ फेब्रुवारी, जळगाव

व्हिडिओ पुन्हा पाहिला. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या कुठल्याशा पाड्यावर एक म्हातारी होळीचं गाणं म्हणतेय. खाली नाव — दिवालीबाई पावरा. चाल नानांची. म्हणजे — नानांची म्हणत होतो ती!

'बरड' हा नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धुळ्याचा बँड. १९९१ला एकच कॅसेट निघाली, मग बँड मोडला. तरी अजून पन्नाशीतली माणसं रस्त्यात त्यांना थांबवतात आणि ती सुरुवातीची गिटार तोंडाने वाजवून दाखवतात. पुण्याच्या किरण नावाच्या मुलाने आता तीच चाल स्वतःच्या गाण्यात घेतली आणि खाली लिहिलं, 'पारंपरिक'. नानांना फक्त स्वतःचं नाव हवंय. मी कंपनीत पंपांचे आवाज मोजते, म्हणून दोन चालींची तुलनाही माझ्याकडे आली. आता चाली तीन.

९ फेब्रुवारी

झालं. म्हातारीच्या गाण्यात सूर कमी, नानांच्या गिटारीत जास्त. सांगाडा एकच. साधं ते आधीचं, नक्षी मागाहूनची — असा निष्कर्ष लिहिला.

नानांनी कागद वाचून घडी घातली. कॅसेटच्या आधी ते वीज खात्यात वायरमन होते, शिरपूरकडे. पाड्यांवर मुक्काम असायचा. होळीची गाणी ऐकली होती का, विचारलं.

"ऐकली असतील. मला आठवत नाही, माय. मला वाटायचं, माझ्या बोटांतून आली."

मी घडी केलेला कागद फाइलमध्ये लावला.

११ फेब्रुवारी

नाना गिटारला हात लावत नाहीत.

१५ फेब्रुवारी, धुळे

पुढच्या शनिवारी 'बरड'चा कार्यक्रम आहे, इतक्या वर्षांनी. बन्सीलालकाकांच्या गोदामात तालीम. काका ड्रम वाजवतात आणि त्याहून मोठ्याने बोलतात. ज्या विलायती बँडच्या कॅसेटी घासून घासून हे लोक शिकले, त्यांच्यावरसुद्धा अमेरिकेतल्या म्हाताऱ्या गायकांच्या चाली उचलल्याचे खटले झाले, ते काय वाजवायचे थांबले? — असं बरंच. मग नानांच्या पाठीत थाप —

"बठ्ठं जग उचलस, सुकलाल. तू एकलाच चोर शेस का?"

सगळे हसले. नाना नाही.

व्हिडिओ टाकणारा सापडलाय. रुपसिंग, दिवालीबाईंचा भाचा. त्याला निरोप पाठवलाय, पण पाड्यावर रेंज नाही. बाईंनाच विचारू आधी, तोवर स्टेजवर काही बोलू नका — परतताना बसमध्ये नानांना सांगितलं.

"पण तू मोजलंयस ना?"

हो, म्हटलं. त्यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले. इतका विश्वास कशाला ठेवतात!

२२ फेब्रुवारी, धुळे

हॉल भरला होता. पांढऱ्या मिशांची माणसं, शेजारी त्यांची मुलं. ते गाणं आलं. नाना माइकपाशी गेले. मी साउंडच्या टेबलावर होते, आवाज बंद करणं माझ्या बोटाखाली होतं. नाही केला.

म्हणाले, ही चाल माझी नाही. दिवालीबाई पावरांची आहे. मी कुठेतरी ऐकली आणि विसरलो.

मागून कुणीतरी — "नाना, वाजवा तर!" वाजवलं. चांगलं वाजवलं. निम्मा हॉल मोबाइल वर धरून.

२४ फेब्रुवारी, जळगाव

नानांची ती कबुली किरणने स्वतःच्या पानावर टाकलीय. त्याच्या गाण्याखाली आता दिवालीबाईंचं नाव. खालच्या शेऱ्यांत नानांना 'चोर' म्हणणारी मुलं नानांच्या कॅसेटनंतर जन्मलेली. नाना म्हणाले, बरं झालं, सुटलो. ताटातली भाकरी तशीच.

माझ्या कागदात चूक नाही. परत तपासला. नाही.

१ मार्च

रुपसिंगभाऊंचा फोन. बाजाराला शिरपूरला उतरले होते. आत्याला विचारलं, म्हणाले, आणि हसत सुटले. पाड्यावरच्या पोरी होळीला दरवर्षी नवं गाणं बांधतात, कानावर येईल ती चाल घेऊन. ढोलावर नाचताना बारीक सूर गळून जातात.

"ही चाल, ताई, आत्या म्हणते, एक वायरमन यायचा. खांबावर बसून शीळ घालायचा. त्याची घेतली."

नाना पलीकडच्या खोलीत आहेत. जाते.