सुशीला लावलेला शब्द

सुशीच्या बापूंस,

विसरलात ना मला? विसरणारच! चष्मा कपाळावर अन् शोध साऱ्या घरात, असं तुमचं डोकं. मी तुमची बायको. बोलते मी, लिहितीय आपली नात पूजा. आज पत्राचं कारण तुमचाच एक इंग्रजी शब्द.

पूजा परीक्षेचे शब्द घोकत होती. मधेच म्हणाली, ‘फ्लाइटलेस’. माझी भाकर तव्यावरच करपली. अहो, हा तर आपल्या सुशीचा शब्द! पाहुणे आले की तुम्ही म्हणायचात, “आमची सुशी फ्लाइटलेस हाय,” अन् तुमच्या शाळेतले मास्तर हसायचे. मला वाटायचं, कायतरी चांगलं असंल. मी बी विहिरीवर सांगायची, “माझी पोर लई फ्लाइटलेस!” लाज नाही वाटली, मला असं बोलू देताना?

“म्हंजी काय गं?” मी पूजाला विचारलं.

“पंख हायत, पण उडता येत नाही असा पक्षी. शहामृगावानी.”

“पंख कुणी छाटले त्याचे?”

“कुणी नाही, आजी. त्याची जातच तशी. छाटलेल्या पोपटाला हा शब्द नाही लावत.”

तवा मला तो कागद आठवला. दुष्काळाचं साल. जिल्हा नवा झालेला. सुशीनं नर्सच्या शिक्षणाला अर्ज केला होता. ती टँकरच्या रांगेत असताना लातूरचा कागद पोस्टमननं माझ्या हातात दिला. आपल्या घरची रीत काय? आलेला कागद तारेत खोवायचा, बापू वाचतील. मी खोवला. तुम्ही वाचलात अन् म्हणालात, “नंबर लागला नाही.” बापाचं बोलणं कोण तपासतं?

काल पूजाकडून ती तार खाली काढून घेतली. कागद पार तळाशी होता. “आजी, आत्याचा नंबर लागला होता की! आठ दिवसांत हजर व्हा, असं लिहिलंय.”

फाडला का नाही हो? एवढा भरवसा होता माझ्या अडाणीपणावर?

पाणी कोण आणील, हीच चिंता ना तुमची? मला सांगायचं! माझ्या कमरेला काय धाड भरली होती? मी बी शहाणी नाही. शेजारी जाऊन वाचून घेता आलं असतं. पण घरात मास्तर असताना दुसऱ्याच्या दारी कागद नेला, तर तुमचा अपमान!

सुशी अजून म्हणते, “मी ढच होते, आई.”

सोमवारच्या एसटीनं औशाला सुशीच्या घरी जाते. कागद तिच्या हातात देईन. तुमची बाजू घेणार नाही. माझी बी नाही. हा माझा शब्द.

तुमच्यावर लई चिडलेली,
सुशीची आई
(अंगठा माझा, अक्षर पूजाचं)

पूजा, खाली लिही अन् तुझ्या आईला बी सांग: यंदा पितराच्या पानावर आजोबाला नुसती भाकर धाडायची. खीर वाढायची का, ते आत्या ठरवंल.