खांबावर अडतीस

हेरन बेसिन,
६ जुलै १९८७

थोरले बंधू मर्डॉक यांस धाकट्या एल्सपेथचा नमस्कार. साष्टांग घालायला इथे जागा नाही, बर्फ काचेसारखा कडक आहे, तेव्हा उभ्यानेच. वि. वि.

ऐन हिवाळ्यात चार दिवस वायव्येचा गरम वारा सुटला आहे. वरची धार उघडी पडली, मधल्या घळीत दगड डोकावू लागले आणि खालचा पट्टा सकाळी काच तर दुपारी चिखल. किआ पोपटांनी ट्रॅक्टरच्या सीटचा स्पंज उपसून नेला, म्हणून माणसांना वर ओढणारा दोर चालवताना मी बटाट्यांच्या गोणीवर बसते. रोनावहिनीने पाठवलेलं भोपळ्याचं सूप पोचलं, संपलंही. बाकी क्षेम.

आता मुख्य. वडिलांचा बर्फ मोजायचा खांब मी हलवला. दचकू नकोस, मोडलेला नाही. मोठ्या शिळेमागच्या ज्या खोलगटात तो उभा होता, तिथे वारा अख्ख्या डोंगराचा बर्फ आणून ओततो. आठवडाभर मी दोन्हीकडे मोजलं: खांबापाशी एकशेचाळीस सेंटिमीटर, जिथे माणसं पायांत स्कीच्या फळ्या बांधून प्रत्यक्ष घसरतात तिथे चाळीसही नाही. गेल्या ऑगस्टमध्ये खांबाच्याच भरवशावर तो अ‍ॅशबर्टनचा दंतवैद्य घळीत उतरला आणि पाय मोडून बसला. स्लेजवरून खाली आणताना सारखा विचारत होता, एकशेवीस होता ना, बाई? रेडिओला तो आकडा मीच दिला होता. त्याचा पाय जुळला, पण प्रश्न अजून माझ्याकडेच आहे.

तर खांब आता उताराच्या मध्यावर, दोराच्या दुसऱ्या कप्पीपाशी. आज सकाळी सातला रेडिओला आकडा दिला: अडतीस.

लोभ आहेच, त्याची खोली विचारू नकोस.
एल्सपेथ

---

ख्राइस्टचर्च,
११ जुलै १९८७

डोंगरवासिनी भगिनी एल्सपेथ हिस अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक सौम्य धमकी.

रेडिओवर अडतीस ऐकलं तेव्हा मी दाढी करत होतो. हनुवटी कापली. रोनाचं म्हणणं, रेडिओवालीने आधीचं ‘एकशे’ गाळलं असेल. लॅटिनच्या तासाला एका पोराने गंभीर चेहऱ्याने चौकशी केली की सर, तुमचा डोंगर वितळला का.

आपल्या स्की क्लबचं हे पन्नासावं वर्ष, हे तुला स्मरत असेल. १५ ऑगस्टच्या महोत्सवाला नव्वद जण येणार होते. तुझ्या सत्यवचनानंतर एकतीस जणांनी नाही कळवलं. इतकी विरक्ती मला तीस वर्षांच्या अध्यापनातून निर्माण करता आली नाही.

समिती बसली. डूगल मॅकफीचं मत असं, की बर्फाचा आकडा हे निमंत्रण असतं, शपथपत्र नव्हे. ठरलं ते असं: खांब मूळ जागी जावा, तोवर रेडिओला आकडा डूगल इथून, शहरातून देईल. आणि महोत्सवात सर्व सभासदांनी मत द्यायचं, की पुढच्या वर्षी डोंगराची राखण तुझ्याकडे ठेवावी की नाही. अध्यक्ष म्हणून तो प्रस्ताव मला वाचायचा आहे.

एल्सी, बावीस वर्षं तू तिथे राहतेस. त्या घराखेरीज तुला दुसरं घर नाही. एका खांबापायी ते घालवणार आहेस का? वडिलांनी १९३७ साली तो स्वतःच्या हातांनी रोवला. जागा काही विचार करूनच निवडली असेल. त्यांच्या दूरदृष्टीचा मान राख, आणि महिनाभर तू जरा कमी बघ.

लोभ वाढावा, आणि बर्फही.
मर्डॉक

---

हेरन बेसिन,
२० जुलै १९८७

अध्यक्षमहाराज मर्डॉक यांच्या चरणी. (चरणांत कोणत्या फळ्या आहेत, ते पुढे पाहू.)

दूरदृष्टीविषयी. म्हातारा हेक्टर टेट मंगळवारी वर आला. अठ्ठ्याहत्तरी उलटली तरी कमरेला बांधलेला अडकित्त्यासारखा चिमटा दोराला लावून स्वतःच ओढला गेला, कुणाचा हात घेतला नाही. वडील घण घालत होते तेव्हा खांब धरून हाच उभा होता, म्हणून त्याला विचारलं की जागा तीच का. हसता हसता त्याला खोकला लागला. म्हणे सकाळपासून सहा ठिकाणी खणलं, सगळीकडे दगडखडी, पहार वाकली. खोलगटात माती मऊ लागली, आणि जेवायची वेळ झाली होती. पन्नास वर्षं आपण मऊ माती मोजतो आहोत, मर्डॉक.

डूगल रेडिओवर एकशेतीस सांगतो. म्हणून घाटरस्ता सुरू होतो तिथे मी पाटी लावली: रेडिओ १३०, खांब ३४, जुन्या फळ्या आणा. खाली माझी सही. काल बारा गाड्या माघारी वळल्या. एकाने जाता जाता शिवी हासडली, एकाने थांबून थर्मासमधला चहा पाजला. सात गाड्या वर आल्या, आणि सगळे आपापल्या पायांनी घरी गेले.

खांब परत न्यायचा तर कळवते: तो तेलाच्या पिंपात सिमेंट ओतून बसवला आहे. सहा माणसं लागतील आणि माझी परवानगी. माणसं मिळतील.

प्रस्ताव जरूर वाच. मोठ्याने वाच, तिथे वारा असतो. मी सभेला येणार नाही. दोर कुणी तरी चालवायला हवा. माझं सामान दोन पेट्यांत मावलं, बांधून ठेवलं आहे. मत घेण्याआधी एवढंच कर: प्रत्येकाला, उभा असेल तिथेच, काठी बर्फात खुपसून आकडा सांगायला लाव. आणि रोनाने वाढदिवसाला दिलेल्या नव्या फळ्या आणू नकोस. हे बहीण म्हणून.

लोभ ठेवायचा तर ठेव, विनंती करणार नाही.
एल्सपेथ

---

ख्राइस्टचर्च,
१७ ऑगस्ट १९८७

प्रिय एल्सपेथ हिस, भाऊ म्हणून नमस्कार. या खेपेस आशीर्वाद देण्याचा अधिकार वाटत नाही.

तू खाली इंजिनापाशी होतीस आणि नंतर मी तोंड चुकवून निघालो, म्हणून सभेचा वृत्तान्त.

नव्या फळ्या आणल्या होत्या. तुझ्या खांबापासून दहा पावलांवर उजव्या फळीने एका दगडाशी परिचय करून घेतला. बुडाला वीतभर चीर आहे. रोनाला अजून सांगितलेलं नाही.

आपली सभा उतारावर उभ्यानेच होते, म्हणून लांबत नाही. काठ्या खुपसायला सांगितल्यावर थोडी कुरकुर झाली, मग आकडे येऊ लागले. एकतीस. पस्तीस. अठ्ठावीस. एकोणसाठ माणसं, कुणाचाही पन्नासला पोचला नाही. शेवटी डूगल. त्याची काठी नऊ सेंटिमीटर आत गेली आणि दगडावर टण् वाजली. तो दुसरीकडे खुपसायला निघाला तेव्हा हेक्टर म्हणाला, बाळ, खोलगट त्या बाजूला आहे.

इतिवृत्तात नोंद अशी, की अध्यक्षांचा चष्मा शहरात राहिल्याने प्रस्ताव वाचता आला नाही, सबब तो निकाली निघाला. चष्मा माझ्या नाकावर होता. डूगलने तो पाहिला. मी त्याच्याकडे त्याच चष्म्यातून पाहिलं.

पुढच्या वर्षी माणसं कमी येतील, हे समितीचं भाकीत खरं ठरेल. खांब आहे तिथे राहील. तूही.

लोभात खंड पडला होता, तो माझ्याकडून.
मर्डॉक

---

हेरन बेसिन,
२३ ऑगस्ट १९८७

मर्डॉकदादास एल्सपेथचा नमस्कार, या वेळी कमरेत वाकून.

फळी पाठवून दे. चिरेत प्लास्टिक वितळवून भरते, रोनाला दिसणार नाही.

आज डूगल वर आला. क्लबच्या स्वयंपाकात बटाटे सोलायची पाळी नेमकी त्याची होती. सालं फार जाड काढली.

सकाळी रेडिओला आकडा मीच दिला. बाईने विचारलं, एकोणतीस, नक्की ना, जरा कमी वाटतो. मी सांगितलं, कमीच आहे. आठ गाड्या आल्या.

पेट्या अजून सोडलेल्या नाहीत. एक ट्रॅक्टरवर ठेवली आहे, गोणीपेक्षा बसायला बरी. किआंना ती कुरतडता येत नाही.

लोभ असावा; मोजायचा झाला तर उताराच्या मध्यावर मोजावा.
तुझी
एल्सपेथ