अकरा तास

प्रिय माय,

जयभीम.

विमानात बसून लिहून राह्यली. आताच भोंग्यावरून बाई बोलली, मुंबई ते लंडन, साडेचार हजार मैल, अकरा तास. ऐकलं अन् मी पदर तोंडाले लावला. बाजूचा म्हातारा विचारते, "बेटी, तबियत ठीक है?" काय सांगू त्याले? हे अकरा तास मीच तुले पढवले होते न!

आठवते? नर्सच्या नोकरीसाठी लंडनले निघाली, तवा आपल्या लामत्याच्या टेशनावर तू माहा हात सोडेना. "एवढ्या दूर काहून जातं वं बाई? मले काही झालं त?" छोटी गाडी शिट्टी मारून राह्यली होती. मी घाईघाईनं बोलली, "अवं, अकरा तासाचं विमान! आपल्याले नागपूरले मावशीकडं जायले लागते तेवढाच टाइम. तू हाक मार, सांजेले मी दारात."

खोटं नव्हतं, माय. पण विमानाच्या अगोदरचं अन् मुंबईच्या पुढचं पोटातच ठेवलं. अगोदर सुट्टी, मंग तिकीट, मंग मुंबईहून गोंदिया, तिथं छोट्या गाडीची वाट. काहून नाही सांगतलं? तुहं रडणं थांबवाचं होतं. थांबलंही. तू हासली, अन् मले लय बरं वाटलं.

तू ते एवढं खरं धरून बसशील, मले काय माहीत! लहानपणी त माह्या एका गोष्टीवर इस्वास नव्हता तुहा. दूध मांजरीनं पेलं म्हणलं त माहं तोंड हुंगाची. मंग हेच कसं मानलं वं?

वहिनीनं सारं सांगतलं. तुले ताप चढला, तवा दौलतदादा पहिल्याच दिवशी तार कराले निघाला होता. तू त्याले दटावलं. "पोरीच्या नोकरीचा खाडा काहून करतं रे? अकरा तासाचं त हाय. लयच झालं त कर."

लयच झालं. उठून बसणं होईना, तवा दादा बालाघाटले जाऊन तार करून आला. अन् तू? तू वहिनीले भाकर टाकाले लावली! तुकडा अन् पाण्याचा गडवा दाराशी ठेवाले लावला, पोरगी सांजेले येते म्हणून. दीक्षा घेतली तवा देव सारे वैनगंगेत सोडले तू, पण दुरून आलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळणं काही सोडलं नाही.

मंग गाडीची शिट्टी झाली का वहिनीले उठवत राह्यली, "पाह्य वं, आली का?"

हौ, आली. तारेच्या चौथ्या दिवशी. तुले नेऊन झालं होतं.

वहिनीनं तोच वाळलेला तुकडा माह्यावरून ओवाळला. "मायनं सांगतलंतं," एवढंच बोलली अन् हमसून रडाले लागली. ओवाळलेला तुकडा दूर फेकतेत. मी तिचा हात धरला. माह्यानं नाही फेकू देववलं, माय.

गुन्हा माहा आहे. माफी कोणाले मागू?

एवढा माहा शब्द तुले. घर किती दूर, कोणी पुसलं त याच्यापुढं चार दिवस सांगीन, पुरे चार दिवस. अन् वहिनीले बजावून आली, दादाचं डोकं दुखलं तरी तार कर, होऊ दे खाडा. भाकर मात्र मी दारात उभी राह्यल्यावरच टाकजो.

तुही, उशिरा आलेली,
शांता