वाघोलीचे हिंदुराव आणि आपले नाना

कसबा पेठ, पुणे

ती. पद्मजाताई,

शरच्चंद्रचा साष्टांग नमस्कार. नागपुरात तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. (नसतील तर सविस्तर लिहू नकोस; दुखण्यांचा साठा इथे पुरेसा आहे.)

माझ्या सोरायसिसला कोपरं आणि गुडघे पुरेनासे झाले, म्हणून तो आता कपाळावर आला आहे. तो कुणाला लागत नाही हे मला आणि डॉक्टरांना माहीत आहे, वाचनालयातल्या मंडळींना नाही. त्यामुळे अख्ख्या बाकावर मी ऐसपैस एकटा बसतो. हेमा गेल्यापासून पाठीला मलम लावायला कुणी नाही. हात पोचतो तेवढीच पाठ बरी होते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार नुसता कातडीचा नसतो, आतही सूज असते, तेव्हा हृदयाकडे लक्ष हवं. त्यांनी रक्तातलं होमोसिस्टीन तपासायला सांगितलं. सोरायसिसवाल्यांत ते कधीकधी वाढलेलं सापडतं म्हणे. (मला ती होमिओपॅथीची चुलत बहीण वाटली.) शिवाय, रिपोर्ट दाखवायला येताना घरचं माणूस आणा! आता घरचं माणूस कुठल्या दुकानात मिळतं?

दवाखान्यात माझ्या शेजारी चक्क एक गृहस्थ येऊन बसले. हिंदुराव, वाघोलीचे शेतकरी, हातावर माझ्यासारखेच चट्टे. नंबर जवळ आला तसं मी लाज सोडून विचारलं, दहा मिनिटं माझे भाऊ व्हाल का?

"धाच मिंटं कशापायी?" असं म्हणून ते माझ्या आधी आत शिरले.

होमोसिस्टीन थोडं वाढलेलं निघालं. त्यानं हृदयविकार होतोच असं नाही, असं सांगून बाईंनी विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास? मी तोंड उघडण्याआधी भाऊ बोलले, "आमचा बाप त्यातच गेला की. औत हाकता हाकता खाली बसला, पुन्हा उठलाच न्हाई." ताई, आपल्या नानांनी औत पाहिलं असेल तर पुस्तकातल्या चित्रात! पण हिंदुरावांचे डोळे खरेच भरले होते. बाई माझ्यासाठी पट्ट्यावर चालण्याची तपासणी लिहायला लागल्या, तेव्हा मात्र मी सगळं खरं सांगून टाकलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हिंदुरावांना विचारलं, "छातीत कधी दुखतं का?"

"चढावर दुखतं जरा. त्यात काय!"

आमची दोघांचीही तपासणी झाली. माझी ठीक निघाली. हिंदुरावांची मध्येच थांबवावी लागली. संध्याकाळपर्यंत त्यांना दाखल करून रक्तवाहिनीतला अडथळा काढला. तुळजाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, वाघोलीहून पोचेपर्यंत बाहेर मी बसलो होतो. नर्सनं विचारलं तेव्हा भाऊ म्हणूनच सांगितलं. तुळजाबाईंनी आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले, खपल्यांसकट. किती वेळ ते लिहीत नाही, कारण मी ते सोडवून घेतले नाहीत.

हिंदुराव आता बरे आहेत आणि नर्सवर ओरडतात.

तुझा,
शरू

ता. क. मला पालेभाज्या खायला सांगितल्या आहेत. पालकाची पातळ भाजी कशी करायची ते कळव. एकट्याला एक जुडी फार होते.

ता. क. दुसरा. कृती राहू दे. तूच येऊन चार दिवस राहतेस का? जमणार नसेल तर तसंही चालेल, पण फोनवर सांगू नकोस. पत्रानं कळव, जरा लांबलचक.