तळमजल्याची वार्षिक तपासणी

मी, त्र्यंबक विश्वनाथ देवस्थळी, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर, शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतल्या माझ्या दुमजली घरात बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता, हे माझा मुलगा सौमित्र शपथेवर सांगेल. वकिलांनी याची इंग्रजी प्रत केली आहे. मजकूर तोच आहे, पण सौमित्रने ही मराठी प्रत वाचावी.

१. घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून पत्नी कै. प्रतिमा हिच्या पश्चात माझ्या एकट्याच्या मालकीची आहे. ती मी सौमित्रला देतो. अट एकच. तळमजल्यावर राहणारी मंजुषा डहाके व तिची मुलगी स्वानंदी यांना, मंजुषा आपणहून किल्ली परत देईपर्यंत, कोणीही उठवू नये. घर विकले तरी ही अट घराबरोबर जाईल. सौमित्र, तू न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून फोनवर म्हणालास, "बाबा, मार्केट हॉट आहे, सेल करून टाका. यू डोन्ट नीड दिस हेडेक." ही डोकेदुखी मला हवी आहे, बाळा.

२. कारण सांगतो. मंजुषा नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मिशिगनमधल्या ट्रॉयहून मुलीला घेऊन निघाली आणि इथल्या मिठाईच्या दुकानात कामाला लागली. सरकारी भाडेमदतीचे व्हाउचर हातात असूनही तिला कोणी घर दाखवेना. प्रतिमा मला म्हणाली, "अहो, द्या ना तिला किल्ली, विचार कसला करताय?" पगारातला ठरलेला हिस्सा मंजुषा भरायची, उरलेले भाडे सरकार भरायचे. या वसंतात त्या योजनेचा निधी संपला आणि मदत बंद झाली. तिची चूक काहीच नव्हती.

ती वर येऊन म्हणाली, "काका, व्हाउचर कॅन्सल झालं. फुल रेंट मला नाही झेपणार. मंथ-एंडला घर खाली करते, तुम्ही दुसरं कोणी बघा." कुठे जाशील, विचारले, तर म्हणे, "बघू ना." मागून स्वानंदी म्हणाली, "आई, व्हॉट अबाउट माय स्कूल?" मला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना, कारण ज्यांनी हे ठरवले ते माझा जिना चढून येत नाहीत.

मी म्हणालो, तुझा हिस्सा तेवढा तू भर. "फुकट नाही राहायचं मला, काका." "फुकट कोण म्हणतंय? सरकारचं काम आता माझ्याकडे आलंय." माझ्यामागे ते सौमित्रकडे जाईल.

३. बँकेतील ठेवी आधी या घराचा कर, विमा, छप्पर आणि बॉयलर यांसाठी वापराव्यात. म्हणजे सौमित्रला पदरमोड करावी लागणार नाही, आणि सबबही उरणार नाही. त्यातून जे राहील ते त्याचे.

४. माझे पाने, पकडी व ड्रिल मंजुषाला. नळाचा वॉशर बदलायला ती माझ्याकडून शिकली आणि आता माझ्याहून नीट बदलते. सौमित्रला स्क्रू-ड्रायव्हर लागल्यास त्याने तिच्याकडून मागून घ्यावा व परत द्यावा. परत देण्याबद्दल त्याचा लौकिक नाही.

५. श्री. विवेक टिळेकर मंडळाच्या गणपतीत सर्वांदेखत म्हणाले होते, "असल्या सरकारी मदतवाल्यांना घर दिलं की घराची वाट लागते." माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ दर हिवाळ्यात मंजुषा न सांगता काढते. सबब, माझे जुने, वाकडे फावडे विवेकरावांना द्यावे. नवे तिच्याकडे राहील.

६. तपासणी. मदत चालू होती तोवर दर सप्टेंबरात सरकारी तपासनीस बाई येत. शेगडी पेटवून, खिडक्या उघडून, नळ सोडून, धुराचा अलार्म वाजवून बघत. बिघाड निघाला तर नापास घरमालक, दुरुस्तीही त्याचीच. एका खिडकीच्या कडीवरून त्यांनी मला नापास केले होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

यंदा मदत नाही, म्हणून कोणी आले नाही. तरी मंजुषाने ओटा घासला, पडदे धुतले आणि मला हाक मारली, "काका, या वर्षी तुम्हीच बघा." मी सगळे तपासले. ती दाराशी हात पुसत उभी होती. "पास ना, काका?" तिने विचारले. इतकी वर्षे ती समजत होती की परीक्षा तिची असते. मला रडू आले. नळ बघण्याच्या निमित्ताने मी सिंकखाली वाकलो.

सौमित्र, दर सप्टेंबरात तू स्वतः यायचे, माणूस पाठवायचा नाही. मोडके असेल ते दुरुस्त करूनच परतायचे. ती दाराशी उभी राहून "पास ना?" म्हणेल. तेव्हा उत्तर देऊ नकोस. तूच विचार, "मंजुषाताई, आम्ही पास का?" आणि ती हो म्हणेपर्यंत निघू नकोस.

वरील सर्व मी स्वतः लिहून, पुन्हा वाचून, दोघांसमक्ष सही केली आहे. ज्याला यातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणतात, म्हणून मंजुषाला वर बोलावलेले नाही. कागद विम्याचे आहेत असे तिला सांगितले आहे. साक्षीदारांसाठी चहा मात्र तिनेच पाठवला आहे.

(सही) त्र्यंबक विश्वनाथ देवस्थळी

साक्षीदार:
(सही) सुनेत्रा हर्डीकर
(सही) श्रीराम पोतनीस

स्थळ: शिकागो, इलिनॉय
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२६